आईसाठी विज्ञानकथा किंवा अद्भुत कादंबरी सुचवा (वजन अर्ध्या किलोच्या आत)

गोदाकाठची

नमस्कार मंडळी,

तीन आठवड्यांपूर्वी आई माळ्यावरचा चकलीचा सोऱ्या काढायला स्टुलावर चढली आणि पडली. घोट्याला फ्रॅक्चर, सहा आठवडे प्लॅस्टर. पाय दोन उशांवर, स्वतः उताणी, आणि तोंडाचा पट्टा चालू.

आई म्हणजे मराठी शाळेत ३३ वर्षं गणित शिकवलेली बाई. वय ७१. आठवड्याला दोन पुस्तकं हा तिचा रतीब. एरवी सावानात (सार्वजनिक वाचनालय, नाशिक) स्वतः जाऊन बदलून आणायची, आता मी आणते. पेशवाई संपली, शिवकाल संपला, महाभारतातल्या प्रत्येक पात्राची बाजू घेऊन लिहिलेली कादंबरी वाचून झाली. परवा म्हणाली, "कर्णाचं दुःख मला आता पाठ आहे. काहीतरी न घडलेलं आण."

न घडलेलं म्हणजे विज्ञानकथा नाहीतर फॅंटसी, असा मी अर्थ लावला. पण या प्रांतात मी शून्य. हॅरी पॉटरचे दोन भाग मुलाला वाचून दाखवताना अर्धवट झोपेत वाचलेत, तेवढंच.

तिच्या अटी: भुतं नकोत. रडारड नको. कथासंग्रह नको ("ओळख झाली की माणसं संपतात"). मराठी असेल तर उत्तम, इंग्रजी वाचते पण सावकाश. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ती उताणं झोपून पुस्तक हवेत धरून वाचते. मागची नऊशे पानी कादंबरी डोळा लागला तेव्हा नाकावर पडली आणि चष्म्याची दांडी गेली. आता मी पुस्तक स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून मगच तिच्या हातात देते. अर्धा किलोच्या वर काहीही नको.

खगोलवेडा

सुरुवात नारळीकरांपासूनच. २० मे २०२५ ला सर गेले तेव्हा आठवडाभर सगळं परत काढून वाचलं. 'प्रेषित', 'व्हायरस', 'वामन परत न आला' या तिन्ही कादंबऱ्याच आहेत, आणि तिन्ही मिळूनही तुमचा काटा अर्ध्या किलोच्या फार पुढे जायचा नाही.

शिक्षिका आहेत तर एक किस्सा सांगा त्यांना. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत सरांनी 'कृष्णविवर' ही कथा टोपणनावाने पाठवली. नाव घेतलं नारायण विनायक जगताप, म्हणजे ज. वि. ना. उलटं केलं. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नी मंगलाताईंकडून लिहून घेतली. आणि पहिला नंबर आला.

चहाबाज

+१. वाचनखूण साठवली.

लंबकर्ण

फॅंटसी म्हणजे 'व्हील ऑफ टाइम'. दुसरं काही सुचवूच नये. एकूण १४ भाग. लेखक २००७ मध्ये वारले, शेवटचे तीन भाग त्यांच्या टिपणांवरून दुसऱ्याने पूर्ण केले, शेवटचा २०१३ ला आला. मधले चार भाग थोडे संथ आहेत, पण दहाव्यानंतर परत वेग पकडतो.

गोदाकाठची

चौदा??? अहो, प्लॅस्टर सहा आठवड्यांचं आहे.

उंदीरमामा

लंबकर्णराव, "मधले चार भाग संथ" म्हणजे तीन-साडेतीन हजार पानं संथ. एवढ्यात माणसाचं हाड जुळून परत मोडतं. (दिवा घ्या, म्हणजे हलकेच घ्या.)

धारपभक्त

मराठीत अद्भुत म्हणजे नारायण धारप. 'समर्थ' मालिका, 'लुचाई', 'शपथ'. एका बैठकीत संपवतील.

खगोलवेडा

धारपभक्त, धाग्यात लिहिलंय: भुतं नकोत.

धारपभक्त

भुतं भुतं काय? धारपांनी विज्ञानकथाही भरपूर लिहिल्या आहेत, लोक विसरतात. 'नेनचिम' वाचा. त्यात भूत नाही. बरं, भूत असलं तरी ७१ वर्षांच्या गणिताच्या बाईंना कोण घाबरवणार? भूतच घाबरेल.

गोदाकाठची

हे आईला वाचून दाखवलं. म्हणाली, "या मुलाला पाढे येतात का विचार."

धारपभक्त

एकोणतिसापर्यंत. :)

सायडिंगचा स्टेशनमास्तर

गणिताच्या शिक्षिकेला 'फाउंडेशन' सोडून दुसरं काय देणार? असिमॉव्ह, १९५१. नायक हॅरी सेल्डन स्वतः गणिती. एकेक माणूस काय करेल ते सांगता येत नाही, पण अब्जावधी माणसांचा जमाव काय करेल ते सांगता येतं, आणि त्यावरून तो साम्राज्य कोसळणार हे गणिताने मांडतो. वायूचा एक रेणू कुठे जाईल ते कळत नाही पण डब्यातला दाब कळतो, तसं. मी कॉलेजात वाचलं आणि स्टॅटिस्टिक्सचा पेपर त्यावर निघाला.

गोदाकाठची

कल्पना सांगितली. आई खूश, डोळे चमकले. मग विचारलं, "त्यात बायका आहेत का?"

सायडिंगचा स्टेशनमास्तर

... पहिल्या भागात जवळजवळ नाहीतच. दुसऱ्या भागात बायटा येते, ती जबरदस्त आहे. तिसऱ्यात तर चौदा वर्षांची मुलगीच गोष्ट पुढे नेते.

गोदाकाठची

आई म्हणते, "एवढी आकाशगंगा जिंकली आणि पहिल्या पुस्तकभर भांडी कोण घासत होतं? मी दुसऱ्या भागापासून सुरू करीन."

जुनेजाणते

सविस्तर लिहितो, कारण वर कोणीतरी मराठीत या प्रकारच्या कादंबऱ्याच नाहीत असं म्हणायच्या बेतात असणार.

आपल्याकडे हा प्रकार नवा नाही. १९०० च्या सुमारास 'केरळ कोकिळ' मासिकात ज्यूल व्हर्न या फ्रेंच लेखकाच्या चांद्रकथेचं भाषांतर येत होतं. अद्भुताचं म्हणाल तर नाथमाधवांचा 'वीरधवल' आणि गो. ना. दातारांची 'कालिकामूर्ती' वाचून आमच्या आजोबांची पिढी कंदिलाच्या उजेडात जागली. पुढे भा. रा. भागवतांनी व्हर्न असा काही मराठी केला की 'चंद्रावर स्वारी' आणि 'मुक्काम शेंडेनक्षत्र' ही पुण्यातच लिहिलेली पुस्तकं वाटावीत.

मग कादंबऱ्या कमी का? माझ्या मते दिवाळी अंक. मराठी विज्ञानकथा दिवाळी अंकाने जगवली, आणि बुटकीही त्यानेच ठेवली. संपादक मे महिन्यात पत्र पाठवणार, आठ-दहा पानं मागणार. लेखक दिवसा प्रयोगशाळेत नाहीतर कारखान्यात. आठ पानांत एक कल्पना मावते, एक जग मावत नाही. म्हणून आपल्याकडे फोंडके, घाटे, लोंढे, जावडेकर सगळ्यांच्या उत्तम कथा सापडतात, कादंबऱ्या मात्र बोटांवर.

पण आहेत. लक्ष्मण लोंढे आणि चिंतामणी देशमुख यांची 'देवांसि जिवे मारिले'. शुभदा गोगटे यांची 'यंत्रायणी' (यांचीच 'खंडाळ्याच्या घाटासाठी' आईंनी वाचलेली असणार). आणि अरुण साधूंची 'विप्लवा'. 'सिंहासन' आणि 'मुंबई दिनांक' लिहिणाऱ्या माणसाने विज्ञान कादंबरीही लिहिली, हे सांगितलं की लोक माझ्याकडे संशयाने बघतात.

दुकानात मिळेलच असं नाही. जुन्या वाचनालयात शोधा. आमच्या इथल्या एका वाचनालयात या सगळ्या पुस्तकांवर 'बालविभाग' असा शिक्का आहे. 'विप्लवा' बालविभागात! मी ग्रंथपालांना हात जोडले.

मोरावळा

जुनेजाणते, सुंदर प्रतिसाद. आमच्याकडे उलटं, विज्ञानकथा 'विज्ञान' या कपाटात, 'घरगुती वीजदुरुस्ती'च्या शेजारी.

शुद्धमती

फॅंटसी, फँटसी की फँटसि? एकदा ठरवा.

उंदीरमामा

अद्भुतिका म्हणा आणि सुटा.

शुद्धमती

'अद्भूत' नव्हे, 'अद्भुत'. तुम्ही बरोबर लिहिलंय, तरी सांगून ठेवते. या धाग्यावर कोणीतरी चुकणारच आहे.

संत्राबर्फी

मी बाप्पा एकच पुस्तक सांगतो. 'रोडसाइड पिकनिक'. स्त्रुगात्स्की भाऊ-भाऊ, रशियातले, १९७२ चं. परग्रहावरचे लोक येतात, थोडा वेळ थांबतात, निघून जातात. आपल्याशी एक शब्द बोलत नाहीत. मांगं फक्त त्याइचा कचरा राहते. तो कचरा चोरून विकणारा माणूस हा हिरो. कचरा म्हंजे आपल्यासाठी चमत्कार, कोणता जीव घेईन अन् कोणता श्रीमंत करीन सांगता येत नाही. आपण कोण, तर सहलवाले गेल्यावर खरकट्यावर फिरणाऱ्या मुंग्या.

रविवारी रात्री नागपूरच्या फुटाळा तलावावर चक्कर मारा, मंग कादंबरी लगेच समजते. वजन काहीच नाही, पातळ आहे.

गोदाकाठची

हे मलाच वाचायचंय! नोंदवून घेतलं.

आयटीतला आळशी

'प्रोजेक्ट हेल मेरी' (अँडी वीअर, २०२१). डोळे झाकून घ्या. नायक शाळेतला विज्ञानशिक्षक आहे. अंतराळयानात जागा होतो, स्वतःचं नावही आठवत नाही, मग घड्याळ आणि दोरीला वस्तू बांधून हिशेब करत करत आपण पृथ्वीवर नाही हे शोधून काढतो. पानापानावर गणितं. आणि पुढे जो भेटतो ना, तो मोजतो सहाच्या पटीत, कारण त्याला बोटंच

मोरावळा

थांब!!! रहस्यभेद!!! लोकांनी वाचलेलं नाही अजून!

आयटीतला आळशी

अरे पण मी कोण भेटतो ते कुठे सांगितलं

मोरावळा

"मोजतो सहाच्या पटीत" यातून मेंढपाळ भेटतो असं वाटेल का कोणाला?

गोदाकाठची

झालं ते झालं. आईने ऐकलं आणि आता तिला तेच हवंय. सहाच्या पायावर पाढे कसे होतील ते सकाळपासून मोजतेय. "पाच गुणिले पाच एक्केचाळीस," म्हणाली आत्ता. मला वाटलं औषध चढलं.

सायडिंगचा स्टेशनमास्तर

बरोबर आहे की! चार षटकं आणि एक.

एकटा

कोणीच जी. ए. कुलकर्णींचं नाव घेत नाही याचं नवल वाटलं. 'रमलखुणा' (१९७५) मध्ये 'प्रवासी' आणि 'इस्किलार' या दोनच दीर्घकथा आहेत. ना गाव ओळखीचं, ना काळ, ना देव. माझ्या दृष्टीने मराठीतली सर्वोत्तम फॅंटसी तीच. परदेशी ड्रॅगन कशाला शोधता?

जुनेजाणते

एकटा, आदर आहे, पण असहमत. जी. एं.चं ते रूपक आहे. फॅंटसीच्या वाचकाला त्या जगात राहायचं असतं, तिथल्या बाजारात काय भाव आहे ते विचारायचं असतं. 'इस्किलार'मध्ये कोणी भाव विचारत नाही, सगळे नियतीशीच बोलतात.

एकटा

नियतीशी बोलणं हाच बाजार आहे.

उंदीरमामा

घ्या. आता दोनशे प्रतिसाद. मी शेंगदाणे घेऊन बसतो.

मोरावळा

मुळात "रडारड नको" ही अट आहे. जी. एं.मध्ये कोणी मोठ्याने रडत नाही हे खरं, पण पुस्तक मिटल्यावर वाचक दोन दिवस भिंतीकडे बघत बसतो. पाय प्लॅस्टरमध्ये असलेल्या माणसाला आधीच भिंतीकडे बघणं पुष्कळ आहे.

घाटपांडे काकूंची सून

कोणी 'स्वामी मुद्रिकांचा' वाचलंय का? 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा मराठी अनुवाद, मुग्धा कर्णिकांनी केलाय. इंग्रजीत तीनदा सुरुवात करून सोडलं होतं, मराठीत मात्र पुढे गेले. पण तीन खंड आहेत, काटा तुटेल.

विळी

वजनाचा प्रश्न सोपा आहे. पेपरबॅक घ्या, दर दीडशे पानांवर कटरने कणा कापा, वरून सेलोटेप. मी 'ड्यून' ही जाडजूड विज्ञान कादंबरी अशीच वाचली, लोकलमध्ये, चार तुकड्यांत.

जुनेजाणते

काय???

शुद्धमती

पुस्तक कापलंत?

एकटा

या आयडीवर कारवाई व्हावी.

विळी

अहो माझं पुस्तक, माझे पैसे. विरार फास्टमध्ये एका हाताने दांडी धरून सहाशे पानं तुम्ही वाचून दाखवा. रच्याकने (बाय द वे), वीसहून जास्त प्रकाशकांनी 'ड्यून' नाकारल्यावर ते छापलं चिल्टनने, आणि ते प्रसिद्ध होते मोटारदुरुस्तीच्या पुस्तकांसाठी. गॅरेजवाल्यांनी छापलेलं पुस्तक सुटं करून वाचलं तर काय बिघडलं?

गोदाकाठची

आई विळी यांच्या बाजूने आहे. तिने म्हणे लॉगटेबल सुटं करून वर्गात वाटलं होतं. पण वाचनालयाचं पुस्तक कापायचं नाही, एवढी तंबी तिने मला दिली, जणू मी निघालेच होते.

किंडलचं विचाराल म्हणून आधीच सांगते. माझं आहे, दोनशे ग्रॅमच्या आसपास, अक्षर मोठं होतं, सगळं मान्य. आईने दोन दिवस वापरून परत केलं. "उजव्या हातात किती उरलंय ते कळत नाही," म्हणाली.

रात्रपाळी

मालिका सुचवणाऱ्यांना कळकळीची विनंती: ती पूर्ण झाली आहे का हे आधी लिहा. 'गेम ऑफ थ्रोन्स'वाल्या मार्टिनबुवांचा पाचवा भाग २०११ ला आला तेव्हा आमची कन्या पोटात होती. आता ती माझे कपडे घालते. सहावा भाग अजून नाही. रॉथफसचा दुसराही त्याच सालचा, तिसऱ्याचा पत्ता नाही. मी अपूर्ण मालिका घेणं बंद केलंय. गणपतीची मूर्ती सोंडेविना आणतो का आपण?

खगोलवेडा

सोंडेवरून आठवलं! गोदाकाठची, कथासंग्रह नको म्हणालात, तरी नारळीकरांच्या दोन कथा वाचून दाखवाच. 'गंगाधरपंतांचे पानिपत' आणि 'उजव्या सोंडेचा गणपती'. पहिलीत १४ जानेवारी १७६१ ला विश्वासरावांना गोळी लागत नाही. बस, एवढंच. तिथून पुढे सगळा हिंदुस्थान वेगळा. तुमच्या आईंनी अख्खी पेशवाई पचवली आहे, त्यांच्यासाठी पूल हाच. दुसरीत डावं-उजवं उलटण्याची गंमत आहे, ती गणिताच्या बाईंना सांगायला नकोच.

गोदाकाठची

(दहा दिवसांनी)

उशीर झाला, क्षमस्व. अहवाल देते.

'प्रेषित' एका दिवसात संपलं. मत: "छान. आठवी अ ला देईन. आठवी ब ला आधी थोडं सांगावं लागेल."

'पानिपत' मी वाचून दाखवली. मधेच थांबवून म्हणाली, "परत वाच, गोळी कानाजवळून गेली तिथून." मग बराच वेळ गप्प. संध्याकाळी शेजारचे काका बघायला आले तर त्यांच्याशी अर्धा तास वाद: विश्वासराव वाचले असते तर माधवराव पेशवे झालेच नसते, मग त्यांच्यावरच्या एवढ्या कादंबऱ्या कोणी लिहिल्या असत्या? काका पाय बघायला आले होते, ते राहूनच गेलं.

'सोंडेचा गणपती' झाल्यावर तिने वर्तमानपत्र, कात्री आणि डिंक मागितला. पट्टी कापली, एक पीळ दिला, टोकं चिकटवली. नातवाला म्हणाली, पेन्सिल न उचलता मधून रेघ मार. तो मारत गेला आणि रेघ दोन्हीकडे उमटून परत सुरुवातीला आली. मग रेघेवरून कापायला लावलं. "दोन होतील," तो म्हणाला. एकच झाली, दुप्पट लांब. कार्ट्याने मोबाइल बाजूला ठेवला हो. त्या दिवशी घरातली सगळी वर्तमानपत्रं संपली, रद्दीवाल्याला द्यायला काही उरलं नाही.

'यंत्रायणी' आणि 'विप्लवा' शोधतेय. 'हेल मेरी' चालू आहे, दिवसाला दहा पानं, समासात पेन्सिलीने आकडेमोड. (पुस्तक माझं आहे.) एका ठिकाणी तिच्या मते त्याने उत्तराला एककच लिहिलेलं नाही, अर्धा गुण कापला.

मेलबर्नकर

धागा उशिरा वाचला. अजून एक सुचवू? उर्सुला ल ग्विन यांचं 'अ विझर्ड ऑफ अर्थसी'. १९६८ चं. इंग्रजी साधं, वाक्यं लहान, पुस्तक पातळ. पुढचे भाग आहेत, पण हे एकटंही पुरतं. मालिका पूर्ण झालेली आहे, रात्रपाळी यांनी निर्धास्त व्हावं.

जादूगारांच्या शाळेत जाणारा मुलगा आहे, पण पॉटरच्या कितीतरी आधीचा. गोरा नाही, आपल्यासारख्या तांबूस-तपकिरी कातडीचा, हे ल ग्विनबाईंनी मुद्दाम केलंय. त्या जगात प्रत्येक गोष्टीला एक खरं नाव असतं, दगडाला, ससाण्याला, माणसालाही. ते नाव ज्याला माहीत त्याची त्या वस्तूवर सत्ता. म्हणून लोक हाक मारायचं नाव वेगळं ठेवतात आणि खरं लपवतात. जिवाभावाच्या माणसालाच ते सांगायचं.

मी हे मुलीला वाचून दाखवत होतो, तर ती म्हणाली, "बाबा, हे तर आपल्यासारखंच." तिचं पत्रिकेतलं नाव वेगळं आहे आणि आजीने ते कोणाला सांगू नकोस म्हणून बजावलंय. आमची आजी तर आजोबांचं नाव उखाण्याशिवाय कधी घ्यायची नाही. रेशनकार्डवाल्याने विचारलं तर मला पुढे करायची. अर्थसीत ती सहज खपून गेली असती.

संत्राबर्फी

हे भारी सांगितलं राजेहो.

लंबकर्ण

मी अजूनही म्हणतो, 'व्हील ऑफ टाइम'.

उंदीरमामा

तुमच्या चिकाटीला चौदा तोफांची सलामी.

गोदाकाठची

(पुढच्या महिन्यात)

प्लॅस्टर निघालं. काठी घेऊन चालते. धाग्याची मालकीण म्हणून शेवटचा अहवाल देणं लागते.

'अर्थसी' मिळालं. इंग्रजी असूनही तिने नऊ दिवसांत संपवलं, उशाशी शब्दकोश. मुलगा शेजारी बसायचा, अडलेला शब्द शोधून द्यायचा. ओढ्यातून चालत जाताना त्या पोराला त्याचं खरं नाव मिळतं, ते पान दोघांनी मिळून वाचलं. पुढे एक मित्र त्याला आपणहून स्वतःचं खरं नाव सांगतो, तिथे आई थांबली. पुस्तक पोटावर पालथं ठेवलं.

मग मुलाला म्हणाली, "माझंही एक आहे."

लग्नात नाव बदललं होतं तिचं. ताटात तांदूळ पसरून माझ्या वडिलांनी अंगठीने नवीन नाव लिहिलं. पन्नास वर्षं होत आली. तेव्हापासून तेच. जुनं नाव मी तिच्या मॅट्रिकच्या सर्टिफिकेटवर पाहिल्याचं आठवतं, पण उच्चारलेलं कधी ऐकलं नव्हतं. त्या नावाने हाक मारणारं शेवटचं माणूस, तिची मोठी बहीण, चार वर्षांपूर्वी गेली. आईने ते नाव मुलाच्या कानात सांगितलं. मी दारात उभी होते. मला ऐकू आलं नाही, आणि त्याने अजून सांगितलेलं नाही. मी पण विचारलेलं नाही.

"रडारड नको" ही अट कोणी मोडली ते लिहीत नाही.

मोरावळा

...

जुनेजाणते

गोदाकाठची, आईंना माझा नमस्कार सांगा.

धारपभक्त

माझाही. आणि तिसापर्यंत पाठ झालेत असं सांगा.

विळी

वजन किती भरलं?

गोदाकाठची

१८० ग्रॅम. आता दुसरा भाग हवा म्हणतेय. काठी टेकत सावानात स्वतः निघाली आहे, मी रिक्षा बघते.